विमान कुणाचं, नाव कुणाचं?

 

आज एका बारीक अक्षरातल्या ओळीपासून सुरुवात करू. अमेरिकेत तुमचं कुणी असेल, भाऊ, मावशी, कॉलेजातला मित्र, तर त्यांच्याकडून तिथल्या आतल्या प्रवासाच्या तिकिटाचा फोटो मागवा. वर ठसठशीत लिहिलेलं असेल युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकन. आणि खाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरात, 'ऑपरेटेड बाय' आणि मग एक तिसरंच नाव. स्कायवेस्ट. रिपब्लिक. मेसा. गेटवर जाऊन बघितलं तर विमानाच्या शेपटीवर रंग मोठ्या कंपनीचा, पण पायलटचा पगार निघतो तो या तिसऱ्या कंपनीकडून.

मुंबईकरांना हे लगेच कळेल. बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बस आठवा. रंग बेस्टचा, नंबर बेस्टचा, तिकीट बेस्टचं. पण गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदाराला पैसे मिळतात किलोमीटरमागे. बसमध्ये माणसं दोन असोत की ऐंशी, त्याला फरक पडत नाही. अमेरिकेतल्या छोट्या विमान कंपन्यांचा धंदा साधारण असाच चालतो.

आता मला सांगा, अशी एखादी छोटी कंपनी चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावाने विमानं चालवते, चांगला नफा कमावते, आणि एक दिवस मोठी कंपनी म्हणते, जुना करार विसरा. मग तिच्याकडे स्वतःचं असं काय उरतं? विमानं आहेत, पायलट आहेत, मेकॅनिक आहेत. प्रवासी आहेत का?

ही गोष्ट आहे अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सची. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

१९६७ साल. अमेरिकेच्या पूर्वेकडे अलेगेनी एअरलाइन्स नावाची कंपनी होती. छोट्या गावांत मोठी विमानं नेणं तिला परवडेना, पण सरकारी नियमांमुळे गाव असंच सोडताही येईना. मेरीलँडमधल्या हॅगर्सटाउनला रिचर्ड हेन्सन नावाचे एक वैमानिक-उद्योजक होते, त्यांची छोटी विमानं होती. अलेगेनीने त्यांना सांगितलं, ही फेरी तुम्ही चालवा, तिकीट आम्ही विकतो, नाव 'अलेगेनी कम्युटर' ठेवू. नोव्हेंबर १९६७ मध्ये ते सुरू झालं. आपल्या आजच्या गोष्टीचं बी इथे पेरलं गेलं.

मग १९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. कुठे उडायचं, किती भाडं घ्यायचं, हे कंपन्या स्वतः ठरवायला लागल्या. त्यांनी चक्राच्या आऱ्यांसारखी रचना केली: मध्ये एक मोठं विमानतळ आणि भोवतीच्या गावांतून तिथे माणसं आणून सोडायची. गावातून मोठ्या विमानतळापर्यंत आणायचं काम छोट्यांचं, पुढचा लांबचा पल्ला मोठ्यांचा. १९८४-८५ च्या सुमारास युनायटेड एक्सप्रेस, डेल्टा कनेक्शन, अमेरिकन ईगल ही नावं आली. ही नावं म्हणजे कंपन्या नव्हेत हं, नुसत्या पाट्या. पाटीमागे कोण आहे, हे करारानुसार बदलतं.

वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात डलेस विमानतळ आहे. त्या भागात नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी हा पॉडकास्ट ऐकतात, त्यांना ते तोंडपाठ असेल. युनायटेडने १९८६ मध्ये डलेसला आपलं केंद्र केलं, आणि १९८९ मध्ये तिथे युनायटेड एक्सप्रेसच्या पाटीमागे अटलांटिक कोस्ट उभी राहिली. सुरुवातीला पंख्याची छोटी जेटस्ट्रीम विमानं, १९ सीटांची, मग २९ सीटांची. १९९७ पासून ५० सीटांची कॅनडात बनलेली जेट विमानं, सीआरजे. कंपनीचे प्रमुख होते केरी स्कीन.

ते ५० सीटांचं जेट म्हणजे नव्वदच्या दशकातली जादूची कांडी होती. तेल स्वस्त होतं. मोठ्या कंपन्यांच्या पायलट युनियनने करारात अट घातलेली असायची की बाहेरच्या कंपनीला अमुक सीटांपेक्षा मोठं विमान द्यायचं नाही, आणि ती रेषा बऱ्याच ठिकाणी ५० वर होती. म्हणून सगळ्यांनी ५० सीटांचीच विमानं घेतली, शेकड्यांनी. प्रवाशांना हवं होतं म्हणून नव्हे, तर युनियनच्या कागदावर तो आकडा लिहिलेला होता म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पैसे कसे मिळायचे. आधी छोट्या कंपन्यांना तिकिटाच्या पैशात वाटा असायचा. मग पद्धत बदलली. अटलांटिक कोस्टच्या बाबतीत २००० च्या सुमारास युनायटेडने फेरीमागे ठरलेली फी द्यायला सुरुवात केली. वेळापत्रक युनायटेड ठरवणार, भाडं युनायटेड ठरवणार, तिकीट युनायटेड विकणार. तेलाचं बिलही शेवटी युनायटेडच्या माथी. अटलांटिक कोस्टने फक्त विमान वेळेवर उडवायचं आणि वेळेवर उतरवायचं. विमान रिकामं गेलं तरी फी तेवढीच.

छान आहे ना? जोखीम शून्य, नफा पक्का. ११ सप्टेंबर २००१ नंतर मोठ्या कंपन्या अब्जावधी डॉलर गमावत होत्या, तेव्हाही अटलांटिक कोस्टसारख्या कंपन्या नफ्यात होत्या. त्यावेळी शेअर बाजारात लोक म्हणायचे की खरा धंदा छोट्यांचाच आहे. मला मात्र हे वाचताना घर भाड्याने देऊन निवांत बसलेला माणूस आठवतो. भाडेकरूची नोकरी गेली, की मग कळतं.

आणि भाडेकरूची नोकरी गेलीच. ९ डिसेंबर २००२ ला युनायटेडने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

अमेरिकन दिवाळखोरी म्हणजे दुकान बंद असं नसतं. कोर्टाच्या छायेत कंपनी चालू राहते, कर्ज देणाऱ्यांशी नव्याने बोलते, आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे जुने करार तपासून बघते. परवडतो तो ठेवायचा, नाही परवडत तो कोर्टाच्या परवानगीने फेटाळायचा. म्हणजे चौदा वर्षांचं नातं, सह्या, शिक्के, सगळं एका अर्जावर आलं. युनायटेडने सगळ्या छोट्या भागीदारांना सांगितलं, दर कमी करा. स्कायवेस्टसारख्यांनी नवे दर मान्य केले. अटलांटिक कोस्टचं जमेना.

करार मोडला कुणी, यावर वाद घालता येतो. युनायटेड म्हणणार, आम्ही बुडत होतो, दर सगळ्यांनीच कमी केले, यांनी केले नाहीत. अटलांटिक कोस्ट म्हणणार, सही झालेल्या दराला तुम्ही जागला नाहीत. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, पण एक फरक आहे: युनायटेडकडे पर्याय रांगेत उभे होते. अटलांटिक कोस्टकडे युनायटेडसारखा दुसरा नव्हता. डेल्टासाठी त्यांची थोडी विमानं उडत होती खरी, पण तेही काम २००४ मध्ये डेल्टाने संपवलं.

जुलै २००३ मध्ये केरी स्कीन यांनी जाहीर केलं की आम्ही पाटी उतरवतो. डलेसवरूनच, युनायटेडच्या नाकासमोर, आम्ही आमच्या नावाने स्वस्त विमानसेवा सुरू करणार.

मधल्या काळात एक नाट्यही घडलं. ऑक्टोबरमध्ये मेसा नावाच्या दुसऱ्या छोट्या कंपनीने, न मागता, अटलांटिक कोस्ट विकत घ्यायची तयारी दाखवली. हेतू उघड होता: स्वतंत्र व्हायचं खूळ सोडा, आपण मिळून युनायटेडचंच काम करू. भागधारकांना हाताशी धरून संचालक मंडळच बदलायचा घाट घातला गेला. अटलांटिक कोस्ट कोर्टात गेली, डिसेंबरमध्ये कोर्टाने मेसाला तात्पुरतं रोखलं, आणि मेसाने नाद सोडला. आज मागे वळून बघताना भागधारकांना काय वाटत असेल, सांगता येत नाही. मेसाच्या शेअरची काहीतरी किंमत तरी होती.

नव्या कंपनीचं नाव ठेवलं इंडिपेंडन्स एअर. स्वातंत्र्य! नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

१६ जून २००४ ला पहिली विमानं उडाली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला युनायटेड एक्सप्रेसचं शेवटचं काम संपलं. विमानं तीच, ५० सीटांची, ८० हून जास्त. पायलट तेच, विमानतळ तेच. फक्त रंग नवा. भाडी इतकी कमी की गाडीने जाणारी माणसं विमानात बसायला लागली. वातावरण मजेशीर होतं. विमान सुटण्याआधीची ती पट्टा बांधा, मास्क लावा ही सूचना असते ना, ती त्यांनी वॉशिंग्टनमधलं प्रसिद्ध जोडपं जेम्स कार्व्हिल आणि मेरी मॅटलिन यांच्या आवाजात रेकॉर्ड केली. नवरा डेमोक्रॅट, बायको रिपब्लिकन, दोघंही राजकीय सल्लागार. राजधानीतल्या लोकांना ते फार आवडलं.

चार्ल्सटन, ग्रीन्सबरो, बर्लिंग्टन अशा गावांतल्या लोकांची तर चैन झाली. आजवर जे तिकीट काढताना खिसा चाचपावा लागायचा, ते अचानक आवाक्यात. डलेस विमानतळावर गर्दी वाढली. २००५ मध्ये तिथून सुमारे २ कोटी ७० लाख प्रवासी गेले-आले.

मग बिघडलं कुठे?

जरा हिशेब करू. आकडे मी फक्त समजण्यासाठी धरतोय. समजा ५० सीटांच्या विमानाच्या एका फेरीला ५,००० डॉलर खर्च येतो. सगळ्या सीटा भरल्या तर माणशी १०० डॉलर. ३० च भरल्या तर १६७. आता १३२ सीटांचं विमान घ्या, त्याला दुप्पट म्हणजे १०,००० खर्च धरा. पूर्ण भरलं तर माणशी ७६. अर्धं रिकामं गेलं तरी १५२. म्हणजे मोठं विमान अर्धं रिकामं गेलं, तरी निम्म्याहून जास्त भरलेल्या छोट्या विमानापेक्षा माणशी स्वस्त. पायलट दोन्हीकडे दोनच लागतात.

स्वस्त तिकिटाचा धंदा माणशी खर्चावर चालतो. आणि यांच्या हातात होतं त्या कामासाठी सगळ्यात महागडं विमान. लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ५० हा आकडा प्रवाशाने ठरवला नव्हता. तो युनायटेडच्या पायलट युनियनच्या कागदावरून आला होता. युनायटेड गेली, तो कागद गेला, पण विमानं उरली, आणि त्यांचे हप्ते उरले. करारात असताना जी विमानं ताकद होती, तीच करार संपल्यावर गळ्यात अडकली.

कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी १३२ सीटांची एअरबस विमानं आणली, नोव्हेंबर २००४ पासून ती फ्लोरिडाला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यापर्यंत उडू लागली. पण ती जेमतेम डझनभर.

दुसरीकडे युनायटेड गप्प बसली नव्हती. दिवाळखोरीत असूनही तिने डलेसवर भाडी उतरवली. इंडिपेंडन्सने सोडलेल्या फेऱ्या चालवायला दुसरे छोटे भागीदार आणले, म्हणजे युनायटेड एक्सप्रेसची पाटी एक दिवसही खाली आली नाही. प्रवाशाला फरकच कळला नाही. त्याचे फ्रीक्वेंट फ्लायरचे माइल्स युनायटेडकडे होते, पुढचं लंडनचं विमान युनायटेडचं होतं. तो अटलांटिक कोस्टच्या विमानात चौदा वर्षं बसत होता, पण स्वतःला युनायटेडचा प्रवासी समजत होता. आणि कागदोपत्री तो होताच.

तिसरा घाव तेलाचा. २००३ च्या जुलैत, स्वतंत्र व्हायचं ठरलं तेव्हा, तेलाचं पिंप ३० डॉलरच्या आसपास होतं. ऑगस्ट २००५ च्या अखेरीला कतरिना चक्रीवादळ आलं आणि भाव ७० डॉलरला टेकला. आधीच्या करारात हे बिल युनायटेडचं होतं. आता ते स्वतःचं.

७ नोव्हेंबर २००५ ला इंडिपेंडन्स एअर दिवाळखोरीत गेली. खरेदीदार शोधला, मनासारखा मिळाला नाही. ५ जानेवारी २००६ ला संध्याकाळी शेवटची विमानं उतरली. पहिल्या उड्डाणापासून मोजलं तर दीड वर्षाच्या आसपास.

आणि १ फेब्रुवारी २००६ ला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, युनायटेड दिवाळखोरीतून बाहेर आली.

इथे थोडं थांबतो, कारण भागधारक आणि विमानांच्या गोष्टीत माणसं राहून जातात. अमेरिकेत पायलटचं सगळं आयुष्य एका यादीवर चालतं, सीनियॉरिटीच्या. कोणतं विमान, कोणता रस्ता, दिवाळीसारख्या सणाला, म्हणजे तिकडे ख्रिसमसला, घरी की हवेत, पगार किती, सगळं त्या यादीतल्या नंबरवरून. आणि ती यादी कंपनीची असते. कंपनी बंद झाली की नंबर गेला. पंधरा वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला की यादीच्या तळाशी, नवशिक्या को-पायलटच्या पगारावर. म्हणजे डलेसवरून चार्ल्सटनला जाणारी फेरी चालूच राहू शकते, पाटी तीच, आकाश तेच, आणि कालचा कॅप्टन आज डावीकडची सीट सोडून उजवीकडे बसलेला. मला या सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात जास्त लागतं. मोठ्या कंपनीसाठी करार बदलणं ही दराची गोष्ट असते. इथे माणसाची पंधरा वर्षं पुसली जातात.

तुम्ही म्हणाल, एक कंपनी चुकली, बाकीचे शहाणे झाले असतील. तर ऐका.

एक्सप्रेसजेट नावाची कंपनी कॉन्टिनेंटलसाठी उडायची. कॉन्टिनेंटलने तिच्या २७४ पैकी ६९ विमानांचं काम काढून घेतलं. एक्सप्रेसजेटने ती विमानं परत न देता ठेवून घेतली, आणि एप्रिल २००७ पासून त्यातली बरीचशी स्वतःच्या नावाने उडवली. सीटा किती? ५०. तेल पुन्हा भडकलं, जुलै २००८ मध्ये १४० च्या वर गेलं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये तो प्रयोग बंद.

पुढे कॉन्टिनेंटल युनायटेडमध्ये विलीन झाली, एक्सप्रेसजेटचे मालक बदलत गेले, एक वेळ तर युनायटेडकडेच ४९.९ टक्के हिस्सा होता. तरीही २०२० च्या जुलैत, कोरोनाने विमानं जमिनीवर असताना, युनायटेडने ५० सीटांच्या त्या प्रकारच्या विमानांचं काम एकाच कंपनीला द्यायचं ठरवलं आणि कम्युटएअरला निवडलं. ३० सप्टेंबरला एक्सप्रेसजेट थांबली. वर्षभराने, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ती पुन्हा उठली. नेवाडातल्या रीनोहून, 'आहा!' या नावाने, स्वतःची सेवा. विमानं? तीच, ५० सीटांची. ऑगस्ट २०२२ मध्ये दिवाळखोरी, आणि या वेळी कायमची. एकाच कंपनीने एकच खेळ दोनदा खेळला. हट्ट म्हणा, नाइलाज म्हणा. हातात जी विमानं आहेत तीच उडवणार ना माणूस.

टिकलं कोण? स्कायवेस्ट. तिने एकाच वेळी युनायटेड, डेल्टा, अलास्का, अमेरिकन अशा चार घरचं काम धरलं, आणि स्वतःच्या नावाने पाटी लावायच्या भानगडीत फारशी पडली नाही. मेसाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकनचं काम सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि विमानं घेऊन कुणाकडे गेली? युनायटेडकडे.

आता त्या बारीक ओळीकडे परत येऊ. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूअर्कहून बफेलोला जाणारं कॉन्टिनेंटलच्या नावाचं विमान उतरताना कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसं गेली. ते विमान चालवत होती कोलगन एअर. तिकिटावर मोठ्या अक्षरात नाव होतं कॉन्टिनेंटलचं. गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनमध्ये खेपा घातल्या, खासदारांचे दरवाजे ठोठावले, आणि २०१० मध्ये कायदा झाला. पायलटांच्या अनुभवाचे नियम कडक झाले, आणि त्यात एक छोटं कलम असंही आलं की वेबसाइटवर फेरी शोधताना पहिल्याच यादीत, विमान खरं कोण चालवणार आहे, ते दिसलं पाहिजे. पैसे भरल्यावर नाही, आधी.

तर मावशीच्या तिकिटाचा फोटो आला, आणि त्यावर ती ओळ सापडली, तर तिसरं नाव कोणतं निघालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.